तुह्या वावरातलं लिही

यावलीचा माणिक तुकोबांचे अभंग फार गोड म्हणायचा. वरखेडला आडकोजी महाराजांनी एकदा त्याला मधेच थांबवलं आणि विचारलं, किती दिवस 'तुका म्हणे' म्हणशील? तू आता 'तुकड्या म्हणे' म्हण. शाळेत तिसरी-चौथीच्या पुढे न गेलेल्या त्या पोराला त्या दिवशी स्वतःच्या अभंगाखाली घालायला नाव मिळालं.

ही गोष्ट आमचे आबाजी सांगायचे. वर्धा नदीच्या पलीकडे त्याच माणिकचं, म्हणजे तुकडोजी महाराजांचं, भजन आहे असं कळलं, की राळेगावची माणसं बंडी जुंपून निघायची. खंजिरीचा आवाज ऐकला की बैलही चाल धरतात, असं ते म्हणत. 1942 च्या ऑगस्टात इंग्रजांविरुद्ध चिमूर आणि आष्टी ही गावं पेटली. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगात टाकलं. भजन म्हणणाऱ्याला सरकार का भितं, हा प्रश्न आबाजींना तरुणपणी पडला होता. त्याचं उत्तर त्यांना मिळालं होतं: त्या भजनांत आपल्याच गावची दुःखं होती, आपल्याच बोलीच्या वळणानं सांगितलेली. महाराजांची 1955 ची 'ग्रामगीता' आमच्या घरात देवाजवळ असायची. तिची पानं हळदीनं पिवळी झालेली.

मला मात्र आबाजींची ती नावाची गोष्ट नीट कळली ती सातवीत, मराठीच्या गुरुजींमुळे.

निबंधाचा विषय होता 'माझा आवडता सण'. वर्गात सगळ्यांनी दिवाळीच लिहिली, कारण मार्गदर्शकात दिवाळीचा निबंध तयार होता. आकाशकंदील, किल्ला, अभ्यंगस्नान. आमच्या घरी यातलं बरंचसं नव्हतं. गुरुजींनी माझी वही मिटून परत दिली आणि म्हणाले, "हे त पुस्तकातलं झालं बाई. तुह्या वावरात काय चाल्लं ते लिही ना."

मी सीतादही लिहिली. पहिल्या वेचणीच्या दिवशी आई पऱ्हाटीच्या एका झाडाखाली पाच दगड मांडायची, हळदकुंकू वाहायची, दहीभात ठेवायची. तोच दहीभात वावरात शिंपडायचा, म्हणजे कापूस तसाच पांढराशुभ्र निघतो. मग बाया ओटी बांधून तासाला लागायच्या. बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडायची. दुपारी मापाला बसलं की ज्याच्या-त्याच्या ओटीचं वजन व्हायचं आणि आईचा चेहरा त्या काट्याकडे लागलेला असायचा. हे मी बोलते तसंच लिहिलं. वावर, तास, पऱ्हाटी, सरकी, सगळं तसंच.

गुरुजींनी एकही शब्द खोडला नाही. व्याकरण सुधारलं, बोली राहू दिली. सगळ्या वर्गाला तो निबंध वाचून दाखवला आणि मग मला बोलावून सांगितलं, "खाली नाव टाक. पूर्ण नाव." आबाजींची गोष्ट मला तिथे, त्या टेबलापाशी, समजली.

त्याच आठवड्यात त्यांनी मुक्ताबाईंची गोष्ट सांगितली. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, चौदाएक वर्षांची मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखावर तिनं निबंध लिहिला आणि 1855 मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्या समाजाला अक्षरच नाकारलं होतं, त्यातल्या पोरीनं छापील कागदावर जाब विचारला. गुरुजी हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. तिच्या शिक्षकांनी तिला स्वतःचं दुःख लिहू दिलं, यातच सगळं आलं, असं ते म्हणाले. मला अजूनही वाटतं की शिक्षणाच्या इतिहासात मुक्ताबाईंचं पान पहिल्या काही पानांत असायला हवं, आणि ते पोरींना सातवीच्या आतच वाचायला मिळायला हवं.

नंतर मी लिहीत गेले. 2019 च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन आमच्या शेजारच्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याची विधवा, अंगणवाडीत काम करणारी बाई त्या व्यासपीठावरून बोलली, तेव्हा मला गुरुजींची फार आठवण आली. वावरातलं बोलणं तिथपर्यंत पोचलं होतं.

गुरुजी आता थकलेत. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून राळेगावला गेले की मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवते. मधेच एखादं पुस्तकी वाक्य आलं की ते हात वर करतात. मी थांबते आणि ते वाक्य तिथेच बसून पुन्हा लिहिते.