महामारी आणि सामान्यांचा दिनक्रम : मीरा-भाईंदरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महामारीचा इतिहास बहुधा रोगाचा, वैद्यकाचा किंवा शासनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मृत्यूंचे आकडे, लसींचे संशोधन, कायदे व आदेश ही त्याची प्रमुख साधने होत. मात्र कोणत्याही साथीत प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांपेक्षा, ज्यांचे दैनंदिन जीवन साथीमुळे विस्कळीत झाले अशांची संख्या कितीतरी अधिक असते. कामावर कसे जावे, धान्य कोठून आणावे, शेजाऱ्यावर कितपत विश्वास ठेवावा आणि मृताला निरोप कसा द्यावा, हे त्यांच्यापुढील प्रश्न असतात. प्रस्तुत निबंधात १८९६ नंतरचा मुंबई इलाख्यातील प्लेग आणि २०२०-२१ मधील कोविड-१९ या दोन साथींच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. दुसऱ्या साथीसाठी मीरा-भाईंदर हे शहर अभ्यासक्षेत्र म्हणून निवडले आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. प्लेगच्या काळात मात्र हा परिसर ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्याचा भाग होता व शेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांचा होता. म्हणून प्लेगची चर्चा मुख्यतः मुंबई शहराच्या अनुषंगाने करावी लागते. पुढे मुंबईच्याच विस्तारातून हे उपनगर घडले असल्याने ही तुलना सयुक्तिक ठरते.

प्लेग आणि स्थलांतराचा मार्ग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत सामान्य माणसाने स्वीकारलेला सर्वांत मोठा उपाय म्हणजे शहर सोडणे हा होता. आगगाडीने, आगबोटीने आणि पायी लाखो लोक कोकणात, घाटावर आणि गुजरातेत गेले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ७,७६,००६ इतकी नोंदली गेली. या घटीत मृत्यूंचा वाटा जसा होता तसा स्थलांतराचाही होता.

या पलायनाकडे केवळ भीतीची प्रतिक्रिया म्हणून पाहणे अपुरे ठरेल. गावाकडचे घर, थोडीफार शेती आणि नातेवाइकांचा आधार हा गिरणी कामगाराचा एक प्रकारचा विमाच होता. शहरात राहिलेल्या कामगारांनाही आपल्या श्रमाची किंमत वाढल्याचे उमगले होते. महिना संपून बऱ्याच दिवसांनी मिळणाऱ्या पगाराऐवजी रोजची मजुरी रोज मिळावी, अशी मागणी त्यांनी केली आणि मनुष्यबळाच्या टंचाईमुळे अनेक गिरण्यांना ती काही काळ मान्य करावी लागली. उद्या आपण असू की नसू अशी स्थिती असताना उधारीवर श्रम विकण्यास माणूस तयार होत नाही, हे यावरून दिसून येते.

सफाई कामगारांची बाबही अशीच आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार जाहीर केला, तेव्हा शहरात घबराट पसरली. भंगी व हलालखोर कामगार शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यायोग्य उरणार नाही, ही प्रशासनाची मोठी चिंता होती. सक्ती सौम्य करण्यामागे हेही एक कारण होते. ज्यांना समाजाने सर्वांत खालचे स्थान दिले होते, त्यांच्यावरच शहराचे अस्तित्व अवलंबून असल्याचे साथीने उघड केले.

विलगीकरण आणि विश्वास

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. घरझडत्या, सक्तीचे स्थलांतर आणि मृतदेहांची तपासणी यांमुळे असंतोष वाढत गेला. जून १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, तर मार्च १८९८ मध्ये मुंबईतील मदनपुऱ्यात एका मुलीला रुग्णालयात नेण्याच्या प्रयत्नातून दंगल उसळली. रुग्ण लपविणे, अंत्यविधी गुपचूप उरकणे असे मार्ग लोक अवलंबू लागले. सक्तीमुळे रोग आटोक्यात येण्याऐवजी तो नजरेआड गेला.

याच काळात दुसराही प्रवाह दिसतो. मुंबईत निरनिराळ्या जातींनी व धर्मसमुदायांनी स्वतःची प्लेग रुग्णालये उभारली. आपल्या माणसांची शुश्रूषा, आपले अन्न आणि आपले विधी यांची हमी मिळताच, एरवी विलगीकरणाला विरोध करणारे लोक तेथे दाखल होऊ लागले. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णसेवा केली व त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. सामुदायिक रुग्णालयांची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ज्यांच्या जातीकडे पैसा व संघटना होती त्यांनाच ही सोय मिळाली. इतरांच्या वाट्याला सरकारी छावणीच आली.

मीरा-भाईंदर : लोकल बंद झाल्यावर

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोविड-१९ च्या प्रतिबंधासाठी १८९७ चाच कायदा लागू करण्यात आला. आर्थर रोडचे जुने रुग्णालय, म्हणजेच आजचे कस्तुरबा रुग्णालय, मुंबईतील सुरुवातीच्या रुग्णांसाठी पुन्हा केंद्रस्थानी आले. परंतु एका बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी होती. प्लेगमध्ये रेल्वे हे सुटकेचे साधन होते. २०२० मध्ये प्रथम थांबली ती रेल्वेच.

मीरा रोड आणि भाईंदर ही दोन स्थानके म्हणजे या शहराची फुप्फुसे होत. चर्चगेटपासून सुमारे ४० किलोमीटरवर घर घेणे मध्यमवर्गीयास परवडले ते लोकलच्या पासामुळे. मार्चच्या चौथ्या आठवड्यापासून लोकल बंद झाली. १५ जूनपासून ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी, ऑक्टोबरपासून ठरावीक वेळेत महिलांसाठी आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून वेळेच्या बंधनासह सर्वांसाठी सुरू झाली. एप्रिल २०२१ मध्ये सामान्य प्रवाशांवर पुन्हा निर्बंध आले. लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवासाची मुभा मिळाली. या सुमारे १७ महिन्यांत शहरातील लोकांचे तीन गट पडले. ज्यांचे काम संगणकावर होत होते, त्यांचे घरच कार्यालय झाले. परिचारिका, सफाई कामगार, बँक कर्मचारी आणि पोलीस यांना मात्र, लोकल पूर्ण बंद असताना, दहिसर नाक्यावरून बसने मुंबई गाठावी लागली. तिसरा गट रोजंदारीचा. स्टीलची भांडी बनविणारे गाळे, बांधकामे आणि रिक्षा ठप्प झाल्या. परप्रांतीय मजुरांना गावी जायचे होते, पण १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू होईपर्यंत रेल्वेचा मार्गच नव्हता. १८९६ च्या गिरणी कामगाराकडे असलेला निघून जाण्याचा पर्याय २०२० मध्ये ज्याला सर्वाधिक हवा होता, त्यालाच तो नाकारला गेला.

अन्न, शेजार आणि वेस

अन्नाच्या बाबतीत शासनाची यंत्रणा व लोकांची तडजोड यांची सांगड पडली. शिवभोजन थाळीची किंमत १० रुपयांवरून ५ रुपये झाली. एप्रिल २०२१ मध्ये ती काही काळ मोफत देण्यात आली. शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो अतिरिक्त धान्य मिळाले. ज्यांची शिधापत्रिका गावच्या पत्त्यावर होती त्यांची मात्र अडचण झाली. किराणा दुकानदाराची वही पुन्हा महत्त्वाची ठरली. काम गमावलेल्या अनेकांनी हातगाडीवर भाजी विकण्यास सुरुवात केली.

प्लेगकाळात जे काम जातींच्या रुग्णालयांनी केले, तशाच प्रकारचे काम २०२० मध्ये गृहनिर्माण सोसायट्यांनी केले. बाधित इमारतीला औषधे पोहोचविणे, वृद्धांसाठी सामान आणणे, गच्चीवर मुलांना खेळू देण्याच्या वेळा ठरविणे हे सारे सोसायटीच्या समितीने केले. परंतु प्रत्येक वेशीला आत आणि बाहेर असते. घरकाम करणाऱ्या स्त्रियांना अनेक ठिकाणी महिनोन्‌महिने प्रवेश नव्हता. काहींना पगार मिळत राहिला, अनेकींना मिळाला नाही. चाळीत किंवा झोपडपट्टीत, जेथे नळ आणि शौचालय सामायिक होते, तेथे अंतर पाळणे हा शिस्तीचा नव्हे तर जागेचा प्रश्न होता.

शहराच्या पश्चिमेकडील उत्तन-डोंगरीच्या पट्ट्यात चित्र निराळे होते. ताजी मासळी विकली गेली नाही तर बोंबील बांबूच्या मांडवांवर सुकवून ठेवण्याची रीत कोळी घरांना परंपरेने ठाऊक होती. तथापि सुक्या मासळीलाही अखेरीस बाजार लागतो, आणि टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या कोळीण स्त्रीचा बाजारच बंद होता.

सण आणि शोक यांनीही नवी रूपे घेतली. ईस्टरची प्रार्थना पडद्यावर पाहिली गेली, रमजानमधील तरावीहची नमाज नयानगरमधील घराघरांत झाली, घरगुती गणेशमूर्तीची उंची २ फुटांवर आली. जेथे एरवी लग्ने लागत, त्या प्रमोद महाजन सभागृहासारख्या वास्तूंमध्ये रुग्णांच्या खाटा लागल्या. अंत्यसंस्काराला २० माणसांची मर्यादा होती आणि कोविडने मृत झालेल्यांच्या बाबतीत अनेकदा तेवढीही नसत. खांदा देणे, दहाव्याला जमणे, चाळीसाव्याला जेवण घालणे या गोष्टी केवळ रूढी नसून शोक वाटून घेण्याची व्यवस्था आहे. ती मोडली तेव्हा झालेली हानी कोणत्याही आकडेवारीत नोंदली गेलेली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, साथीच्या काळातील सामान्यांचे जुळवून घेणे हे निमूट सोसणे नसते. रोज मजुरी मागणारा गिरणी कामगार आणि हातगाडी घेणारा रिक्षाचालक हे दोघेही परिस्थितीचा हिशेब मांडून निर्णय घेत होते. दुसरी, शासकीय उपाय तेव्हाच रुजतात जेव्हा ते लोकांच्या स्वतःच्या आधारव्यवस्थेशी जोडले जातात. केवळ सक्तीने रोग लपतो, संपत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, एकाचे सुरक्षित घरी राहणे दुसऱ्याच्या घराबाहेर पडण्यावर उभे असते. १८९६ मध्ये शहर हलालखोरांवर अवलंबून होते, २०२० मध्ये सफाई कामगार, परिचारिका आणि भाजीविक्रेत्यांवर. दोन्ही वेळा हे अवलंबित्व मान्य झाले, पण साथ ओसरताच विसरलेही गेले.

म्हणून मीरा-भाईंदरसारख्या उपनगराचा साथीचा इतिहास लिहिताना रुग्णालयाच्या नोंदींसोबत सोसायट्यांची इतिवृत्ते, किराणा दुकानांच्या वह्या आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या मौखिक आठवणी यांचे संकलन झाले पाहिजे. इतिवृत्ते रद्दीत जातात, आठवणी पुसट होतात. अशा संकलनाचे काम स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास विभागांना हाती घेता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी उपलब्ध असलेला अवधी मर्यादित आहे.