दारातून येणारा (आणि जाणारा!) आवाज: जर्मनीतल्या भाड्याच्या घरासाठी माहिती



चाळीत वाढलेल्या माणसाला घराचे दार दिवसभर उघडे असण्याची सवय असते. इथे दार कायम बंद, तरीही शेजारच्या किल्ल्यांचा खुळखुळाट पलंगावर ऐकू येतो, आणि आपल्या कुकरची शिट्टी जिन्यात! नवीन आलेली कुटुंबे आम्हाला घराबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांत "आवाजाचे काय करायचे?" हा प्रश्न नेहमी असतो. तान्हे बाळ, घरून काम, मुलांचा अभ्यास आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी या सगळ्यांचा संबंध शेवटी दाराशी येतो. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत. दुकानात उपयोगी पडणारे जर्मन शब्द शेवटी दिले आहेत.

१. भिंत जाड, मग आवाज कुठून येतो?

जर्मनीत इमारतींच्या ध्वनिरोधासाठी 'डिन ४१०९' हे मानक आहे. त्यानुसार दोन घरांमधल्या भिंतीने किमान ५३ डेसिबल आवाज अडवायला हवा. पण जिन्यातून घराच्या पॅसेजमध्ये उघडणाऱ्या दाराला फक्त २७ डेसिबलची अट आहे. दार थेट बैठकीच्या किंवा झोपण्याच्या खोलीत उघडत असेल (एका खोलीच्या घरात असे असते) तर ३७. दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले तर फरक किती मोठा आहे ते कळेल. घरातल्या घरात, म्हणजे पॅसेज ते बेडरूम अशा दारांना या मानकात काहीच अट नाही. म्हणून ती दारे बहुधा पोकळ असतात. बोटाने ठोठावून पाहा, डब्यासारखा आवाज येईल.

पण खरा चोर दार नाही, फट आहे. थोडे गणित करू या. इथले एक नेहमीचे दार ८६ सें.मी. रुंद आणि १९८.५ सें.मी. उंच असते. त्याच्याखाली ७ मि.मी. फट असेल तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या फक्त ०.३५ टक्के भरते. पण तेवढ्या फटीमुळे दार शिशाचे केले तरी ढोबळमानाने २४-२५ डेसिबलच्या पुढे जाता येत नाही. हीच फट १ मि.मी.वर आणली तर मर्यादा ३३ डेसिबलपर्यंत सरकते. तात्पर्य: आधी फटी बुजवा, दार बदलण्याचा विचार नंतर.

२. आधी तपासणी (खर्च शून्य)

- रात्री जिन्यातला दिवा लावून घरात अंधार करा. जिथून उजेड दिसतो तिथून आवाज येतो. आतल्या दारांसाठी टॉर्च वापरा.
- कागदाची पट्टी दार आणि चौकट यांच्यामध्ये धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर त्या जागी रबरी पट्टी दाबली जात नाही. चारपाच ठिकाणी करून पाहा. बहुतेक वेळा वरचा किंवा खालचा एकच कोपरा सैल निघतो.
- चौकटीतली जुनी रबरी पट्टी नखाने दाबा. कडक झाली असेल, किंवा रंगाऱ्याने तिच्यावरही रंग फासला असेल, तर तिचे काम संपले आहे.
- किल्लीचे भोक विसरू नका! आतल्या दारांची जुन्या पद्धतीची मोठी भोके आरपार असतात. जुन्या इमारतींत मुख्य दाराला टपालाची फटही असते.

३. उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत

अ) दार नीट बसवणे. अनेक दारांच्या बिजागऱ्या षट्कोनी किल्लीने थोड्या वरखाली किंवा आतबाहेर करता येतात. लाकडी चौकटीत कुलपाची जीभ ज्या पत्र्यात जाते तो पत्राही काही ठिकाणी मिलिमीटरभर सरकवता येतो. एवढ्यानेच दार पट्टीवर घट्ट बसते आणि खडखडणे थांबते. पट्टी विकत घेण्याआधी हे करा.

आ) चौकटीची पट्टी बदलणे. चौकटीत खाच असेल तर जुनी पट्टी ओढून काढा आणि तिचा १० सें.मी.चा तुकडा कापून दुकानात घेऊन जा. नुसत्या वर्णनावरून पट्टी आणली की हटकून चुकीची निघते. नवी पट्टी बसवताना ताणू नका, ताणलेली पट्टी पुढे आखडते आणि कोपऱ्यात फट पडते. खाच नसेल तर चिकटणारी रबरी पट्टी घ्या. छेदाच्या आकारावरून तिला 'ई', 'पी', 'डी' अशी नावे आहेत: 'ई' साधारण १ ते ३.५ मि.मी. फटीसाठी, 'पी' २ ते ५ मि.मी.साठी. फोमची पट्टी स्वस्त असते पण लवकर दबते, रबरी जास्त टिकते. चिकटवण्याआधी चौकट स्पिरिटने पुसून कोरडी करा.

इ) खालची फट. इथेच सर्वांत जास्त फायदा होतो. तीन पर्याय:
- दोन्ही बाजूंना फोमची गुंडाळी असलेली, दाराखालून सरकवायची पट्टी. भोक पाडावे लागत नाही, घर सोडताना काढून नेता येते. भाडेकरूंसाठी पहिला पर्याय हाच.
- चिकटवायची पट्टी, रबरी ओठाची किंवा ब्रशची. ब्रश वारा अडवतो पण आवाज कमी अडवतो. आवाजासाठी रबरच घ्या.
- दार लावल्यावर आपोआप खाली उतरणारी पट्टी. दाराच्या बिजागरीकडच्या कडेला एक बटण असते. ते चौकटीला टेकून दाबले गेले की दाराच्या तळातून रबर खाली येऊन जमिनीवर बसते, दार उघडले की वर जाते. 'शाल-एक्स' हे त्यातले एक परिचित नाव. त्यासाठी दाराच्या तळाला खाच पाडावी लागते, म्हणजे सुतार आणि घरमालकाची लेखी परवानगी. बाहेरून लावायचे प्रकारही मिळतात. जमीन सपाट हवी. गालिच्यावर ही पट्टी नीट बसत नाही, तिथे खाली धातूची उंबरापट्टी लावावी लागते.

ई) किल्लीचे भोक. झडपेची चकती लावा. आतल्या दाराला कुलूप लागतच नसेल तर भोकात कापूस भरून वर चिकटपट्टी लावली तरी चालते.

उ) दार बदलणे. पुठ्ठ्याच्या जाळीचे पोकळ दार सर्वांत हलके, नळीदार भुशाच्या फळीचे त्याहून बरे, भरीव फळीचे आणखी चांगले. वजन दुप्पट झाले की सिद्धान्ताप्रमाणे ६ डेसिबलपर्यंत फायदा होतो. खास ध्वनिरोधक दारांचे तीन वर्ग असतात: प्रयोगशाळेत अनुक्रमे ३२, ३७ आणि ४२ डेसिबल. प्रत्यक्ष घरात त्यातून ५ डेसिबल वजा धरायचे. जड दार जुन्या बिजागऱ्यांना पेलेल का ते आधी विचारा, आणि भाड्याच्या घरात मूळ दार तळघरात जपून ठेवा. घर सोडताना तेच परत लावून द्यावे लागते.

ऊ) दुहेरी दार. काही जुन्या इमारतींत दोन खोल्यांमध्ये एकामागे एक अशी दोन दारे दिसतात. मधली हवा आवाज चांगला अडवते. असे दुसरे दार नको म्हणून काढून ठेवलेले असेल तर घरमालकाला विचारून परत लावून घ्या.

४. ज्याचा फारसा उपयोग होत नाही

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि भिंतीवर लावायचा खाचाखाचांचा फोम. यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, पण दारापलीकडे जाणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. दारावरचा जाड पडदा थोडी मदत करतो, तीही किणकिणत्या उंच आवाजांना. सबवूफरच्या ढुमढुमीला पडदा आणि पट्टी दोन्ही दाद देत नाहीत. तो आवाज भिंती आणि जमिनीतून प्रवास करतो, वाजवणाऱ्यालाच भेटावे लागते.

५. सावधान! हे बंद करू नका

हा भाग कृपया वगळू नका.

- गॅसचे उपकरण. जुन्या घरांत न्हाणीघरात किंवा स्वयंपाकघरात गॅसवर चालणारे पाणी तापवायचे किंवा हीटिंगचे यंत्र असते. काही यंत्रे खोलीतलीच हवा घेऊन जळतात. त्यासाठी दाराला खाली जाळी किंवा मुद्दाम ठेवलेली फट असते. ती बुजवली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत माणूस दगावतो. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे ते शोर्नश्टाइनफेगरला, म्हणजे धुराडे तपासायला येणाऱ्या अधिकृत कारागिराला, विचारल्याशिवाय त्या दारालाच नव्हे तर घरातल्या कोणत्याही दाराला पट्टी लावू नका. लाकूड जाळायची शेगडी असेल तरीही हेच.
- खिडकी नसलेले न्हाणीघर. तिथला पंखा दाराखालच्या फटीतूनच हवा ओढतो. फट बंद केली की ओल आणि बुरशी ठरलेली.
- मुख्य दार. काही इमारतींत ते धूर किंवा आग रोखणारे असते. त्याला खाच पाडणे, स्क्रू मारणे, आपोआप लावणारा दांडा काढणे हे करू नका. घर स्वतःच्या मालकीचे असले तरी थांबा: अपार्टमेंटचे मुख्य दार ही सर्व मालकांची सामाईक मालमत्ता आहे, असा निकाल केंद्रीय न्यायालयाने (बुंडेसगेरिश्ट्सहोफ) २०१३ मध्ये दिला आहे.
- धुराचा अलार्म. दारे घट्ट झाली की पॅसेजमधला अलार्म बेडरूममध्ये कमी ऐकू येतो. तो झोपण्याच्या प्रत्येक खोलीत आणि मुलांच्या खोलीत हवाच. दारे लावून एकदा बटण दाबून पाहा.

६. आपल्याकडून जाणारा आवाज

रात्रीची शांतता साधारण २२ ते ६. रविवारी आणि सुटीच्या दिवशी दिवसभर. दुपारी १३ ते १५ ही वेळ बहुधा घराच्या नियमावलीत असते. राज्याराज्यांत फरक आहेत, म्हणून जिन्यात लावलेली किंवा कराराला जोडलेली नियमावली वाचा. (आणि हो, ड्रिल घेऊन दाराची दुरुस्ती रविवारी सुरू करू नका!)

- पाहुण्यांचा निरोप. "निघतो, निघतो" म्हणत उघड्या दारात अर्धा तास गप्पा, ही आपली जुनी रीत. पण जिना घुमटासारखा घुमतो. निरोप आत घ्यावा आणि मग दार उघडावे.
- दार आपटणे. मूठ दाबून दार लावायची सवय मुलांना लावा. चौकटीवर फेल्टचे छोटे तुकडे चिकटवले तर धक्का कमी होतो. खिडक्या उघडून हवा खेळवताना दाराला अडण लावा.
- फोन. भारताचे घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे. मुख्य दाराजवळचा पॅसेज ही फोनसाठी सर्वांत वाईट जागा, कारण मध्ये फक्त ते २७ डेसिबलचे दार असते.
- आजी-आजोबा. भारतात सकाळचे साडेसात म्हणजे इथे उन्हाळ्यात पहाटेचे चार. आल्यावर पहिले काही दिवस त्यांना तेव्हाच जाग येते. त्यांना दोष नको. रात्रीच थर्मासमध्ये चहा भरून ठेवा, स्वयंपाकघराचे दार लावा, मिक्सर सहानंतर.
- रियाज. तबला-पेटी वाजवायला बंदी नाही. २०१८ मध्ये एका ट्रंपेटवादकाच्या खटल्यात केंद्रीय न्यायालयाने कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी-सुटीला एक-दोन तास असा ढोबळ अंदाज सांगितला. शांततेच्या वेळा अर्थात पाळायच्या.
- आरती. वर्षातून एकदा रात्रभर मोठा आवाज करायचा 'हक्क' असतो, ही निव्वळ दंतकथा आहे. चारपाच दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा, झांजा २२ च्या आत थांबवा, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे मोदक पोचवा.
- लहान मुले. तान्ह्या बाळाचे रात्री रडणे हा गुन्हा नाही, न्यायालयेही ते सहन करायला सांगतात. घाबरू नका, पण शेजाऱ्यांना एकदा भेटून सांगा.

७. घरमालकाशी बोलताना

सैल चौकट, झिजलेली पट्टी, न लागणारे दार हे घरातले दोष आहेत. फोनवर न सांगता लेखी कळवा. बाहेरचा आवाज असह्य असेल तर आवाजाची नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, किती वेळ, कोणता आवाज, साक्षीदार कोण. मनानेच भाडे कापू नका, थकबाकी धरून घर सोडायची नोटीस येऊ शकते. आधी भाडेकरू संघटनेचा (मीटरफेराइन) सल्ला घ्या. इमारत बांधताना जे मानक लागू होते तेवढ्याच ध्वनिरोधाची अपेक्षा सर्वसाधारणपणे करता येते. म्हणून १९५० च्या दशकातल्या घरात आजचे मानक मागून उपयोग नाही. तिथे आपली पट्टी आपणच लावायची.

८. दुकानात उपयोगी शब्द

त्सार्गे – चौकट
ट्यूरब्लाट – दार, चौकट सोडून
ट्यूरडिश्टुंग – दाराची रबरी पट्टी
बोडनडिश्टुंग – दाराखालची पट्टी
आबझेंकबारे बोडनडिश्टुंग – खाली उतरणारी पट्टी
श्लीसब्लेश – कुलपाच्या जिभेचा पत्रा
शालशुट्सट्यूर – ध्वनिरोधक दार
हाउसऑर्डनुंग – घराची नियमावली
नाख्टरूअ – रात्रीची शांतता
लेर्मप्रोटोकोल – आवाजाची नोंदवही

एवढे करूनही आवाज राहिलाच तर शेवटचा उपाय औषधांच्या दुकानात आहे. 'ओरोपाक्स' हे कानात घालायचे मेणाचे बोळे बर्लिनच्या माक्सिमिलियान नेग्वर या औषधविक्रेत्याने बाजारात आणले. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, हानोफरच्या टेओडोर लेसिंग या तत्त्वज्ञाने गोंगाटाविरुद्ध चक्क एक संघटना काढली होती. शंभर वर्षांपूर्वीही जर्मन माणूस शेजाऱ्यांच्या आवाजाने बेजार होता, एवढा दिलासा आपल्याला पुरे!

टीप: कायद्याची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. वाद उभा राहिला तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. आपल्या गावात चांगला सुतार माहीत असल्यास, किंवा एखादा उपाय लागू पडला असल्यास, आम्हाला जरूर कळवा, पुढच्या कुटुंबाला उपयोग होईल.