बोलायला शिकण्याचा इतिहास: सभा, स्पर्धा आणि तोंडी परीक्षा

आजचा विषय वरवर पाहता शाळेच्या सूचनाफलकावरचा वाटेल: हायस्कूलच्या मुलामुलींना चारचौघांत नीट बोलता यावं म्हणून काय करावं? या विषयावर सूचनांना तोटा नाही. ताठ उभे राहा, समोर बघा, हातवारे बेतानं करा, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. या सूचना चुकीच्या नाहीत. पण आपली मालिका इतिहासाची आहे, तेव्हा हा प्रश्न आपण थोडा मागे नेऊ. आपल्याकडे माणसं सभेत बोलायला कुठं शिकली? कशी शिकली? आणि कुणाला ते शिकण्याची संधीच मिळाली नाही?

आज शाळेत काय चालतं ते आधी पाहू. १ ऑगस्टला, म्हणजे लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला आणि अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीला, महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत भाषणं होतात. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथून सुरुवात होते, मग शेंगांच्या टरफलांची गोष्ट येते आणि शेवटी जयहिंद. भाषण कुणीतरी लिहून दिलेलं असतं. मुलगा ते पाठ करतो, एखादं वाक्य विसरला की छताकडे बघतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. यात त्या मुलाचा दोष नाही. पण एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. त्या मुलाला कुणी प्रश्न विचारत नाही. तो बोलतो, टाळ्या होतात, पुढचं नाव पुकारलं जातं. आजच्या व्याख्यानात आपण या हरवलेल्या प्रश्नाचाच माग काढणार आहोत.

इंग्रजी शाळा येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे समुदायापुढे बोलण्याची एक पक्की पद्धत होती. ती म्हणजे कीर्तन. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग किंवा पद घेतो आणि त्यातला विचार उलगडून सांगतो. उत्तररंगात त्याच विचाराला धरून एक आख्यान लावतो. म्हणजे आधी मुद्दा आणि मग त्याला आधार देणारी गोष्ट. आजच्या भाषणकलेच्या पुस्तकांत 'भाषणाची रचना' म्हणून जे शिकवतात, ते आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात ऐकून ऐकून शिकलं जात होतं. त्याला मर्यादा होतीच. त्या मंडपात कुणाला प्रवेश होता आणि व्यासपीठावर कोण उभं राहू शकत होतं, हे जातीवर ठरत होतं.

आता १८४८ सालात येऊ. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या तरुणांनी आपल्या शिक्षकांच्या मदतीनं स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी तिच्या आघाडीच्या मंडळींपैकी एक, वय अवघं बावीस-तेवीस. याच सोसायटीच्या शाखा म्हणून मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग. सभासदानं एखाद्या विषयाचा अभ्यास करावा, त्यावर निबंध लिहावा, तो सभेत वाचावा आणि मग इतरांनी त्यावर बोलावं, अशी ही रीत. या मुलांचा मुक्काम बोलण्यावरच राहिला नाही. १८४९ मध्ये याच सोसायटीनं मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. म्हणजे सभेतलं बोलणं आणि सभेबाहेरचं काम यांचं नातं तेव्हा जवळचं होतं.

पुण्यात हीच गोष्ट पुढे गेली. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. दर उन्हाळ्यात चालणारी ही माला दीडशे वर्षांची झाली आहे. ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव जरा लक्ष देऊन ऐका: वक्तृत्वोत्तेजक सभा. वक्तृत्वाला उत्तेजन! या नावातच एक समजूत दडलेली आहे. वक्तृत्व जन्मजात असतं असं त्या पिढीनं मानलं असतं, तर त्याला उत्तेजन देण्यासाठी सभा कशाला काढली असती? वक्ता घडवावा लागतो, आणि तो सवयीनं घडतो, अशी ही समजूत.

मग स्त्रियांचं काय? इथं दोन रमाबाई आपल्याला भेटतात. रमाबाई रानडे १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या. लिहायला-वाचायला त्या तिथं शिकल्या, घरातल्या बायकांचा रोष पत्करून शिकल्या. पहिल्यांदा जाहीर समारंभात बोलायची वेळ आली तेव्हा त्यांचं भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. पुढे त्या स्वतः मराठीत आणि इंग्रजीत सभा गाजवू लागल्या आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाच्या कामाला लागल्या. म्हणजे लिहून दिलेलं भाषण वाचणं ही पहिली पायरी असायला हरकत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा मूल दहावीपर्यंत त्याच पायरीवर उभं राहतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचं लहानपण आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रं फिरण्यात गेलं. पुराणं सांगणं हीच त्या कुटुंबाची उपजीविका. हजारो श्लोक मुखोद्गत, आणि रोज नवा श्रोता समोर. यापेक्षा कठोर शाळा कुठली असणार? कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटलं ते उगीच नाही. १८८९ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभेचं अधिवेशन भरलं. त्याच सुमारास झालेल्या सामाजिक परिषदेत त्या बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हाचा एक प्रसंग चरित्रांत येतो. मंडपात गलका होता, आवाज पोचेना. त्या थांबल्या, शांतता होऊ दिली, आणि म्हणाल्या की माझा आवाज लहान आहे यात नवल काय. तो मोठा करण्याची संधी तुम्ही स्त्रीला दिलीतच कुठे? एखादी मुलगी वर्गात हळू बोलते तेव्हा आपण लगेच "मोठ्यानं बोल" असं म्हणतो. त्याऐवजी हा प्रसंग आठवून पाहावा. तिला आजवर कुणी, कुठं, किती वेळा बोलू दिलं आहे?

आता पुण्याचेच दोन पुरुष वक्ते घेऊ, कारण त्यांच्या पद्धती एकमेकांहून अगदी वेगळ्या. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवत, गणितही शिकवत. अंकगणिताचं त्यांचं पाठ्यपुस्तक पुष्कळ चाललं. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचं पहिलं भाषण झालं. सरकारी तिजोरीत शिल्लक दिसते म्हणून सरकार खूश होतं. गोखल्यांनी सरकारच्याच कागदांतले आकडे काढून दाखवलं की ही शिल्लक देशाच्या सुबत्तेची खूण नाही. गरिबांवर गरजेपेक्षा जास्त कर बसवल्याची ती खूण आहे. मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला, पुढे आणखी उतरला. हे सगळं एका भाषणामुळं झालं असं आपण म्हणणार नाही. पण समोरच्याचेच आकडे घेऊन त्याच्याशी शांतपणे वाद घालता येतो, हे त्या भाषणानं दाखवून दिलं.

टिळकांची तऱ्हा निराळी. १९१६ मध्ये बेळगावला आणि अहमदनगरला त्यांनी होमरूलवर मराठीत भाषणं केली. स्वराज्याची कल्पना शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला कळावी म्हणून त्यांनी देव आणि पुजारी यांचा दाखला घेतला: देव बदला असं आमचं म्हणणं नाही, मधला पुजारी बदला. विद्वत्ता दाखवायची असती तर त्यांच्यापाशी काय कमी होतं? पण श्रोत्याच्या रोजच्या जगातली वस्तू उचलून अवघड कल्पना सांगायची, हा त्यांचा मार्ग. या भाषणांची टिपणं पोलिसांच्या लघुलेखकांनी घेतली आणि त्यावरून टिळकांकडे वीस हजार रुपयांचा जामीन मागितला गेला. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूनं बॅरिस्टर जिना उभे होते. सुटी वाक्यं पाहू नयेत, भाषण सबंध वाचून त्याचा रोख ठरवावा, हा मुद्दा तिथं महत्त्वाचा ठरला. म्हणजे ऐकणाऱ्यालाही शिस्त लागते. मुलांना बोलायला शिकवताना हा अर्धा भाग आपण विसरूनच जातो.

श्रोता ओळखणं म्हणजे काय, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन भाषणांवरून कळतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ते स्त्रियांशी वेगळे बोलले: लुगडं कसं नेसावं, मुलींना शाळेत का घालावं, अगदी घरातल्या गोष्टी. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इंग्रजीत बोलताना त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतला धोका दाखवला. माणूस तोच, कळकळ तीच. समोर कोण बसलं आहे त्यावरून भाषा आणि उदाहरणं बदलली.

आणि गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. शाळा नाही. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. भाषा वऱ्हाडी, जशीच्या तशी. त्यांचं मुंबईत वांद्र्याला झालेलं १९५६ सालचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे, ते जरूर ऐका. ते प्रश्न टाकतात, लोक उत्तर देतात, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. सगळा समुदाय त्यांच्याबरोबर विचार करत असतो. आज एखादं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणालं की वर्गात खसखस पिकते, आणि ते मूल पुढची पाच वर्षं तोंड उघडत नाही. प्रमाणभाषा शिकवावी, जरूर शिकवावी; ती परीक्षेला, नोकरीला लागते. पण घरच्या बोलीची लाज वाटायला लावून कुणी वक्ता घडल्याचं ऐकिवात नाही.

आता आपल्या काळात येऊ. दहावीला भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाला असतात. मार्च २०१९ च्या परीक्षेत हे २० गुण काढले होते. त्या वर्षी निकाल ७७.१० टक्के लागला, आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सगळं खापर एकावर फोडता येणार नाही. पुढच्या वर्षीपासून हे गुण परत आले. त्या वेळची चर्चा आठवा. बहुतेक सगळे गुणांबद्दल बोलत होते: निकाल किती घसरला, आमच्या मुलांचं नुकसान किती झालं. मुलं बोलायला शिकतात का, हे फार थोड्यांनी विचारलं. तोंडी परीक्षा म्हणजे हक्काचे वीस गुण, अशी तिची ओळख झाली आहे.

तर या इतिहासातून हायस्कूलच्या मुलांसाठी काय हाती लागतं? आधी एक मुद्दा ठरवा, मग त्याला गोष्ट जोडा, हे कीर्तनातून. स्वतः शोधलेली माहिती घेऊन उभे राहा. हे ज्ञानप्रसारक सभेतून आणि गोखल्यांकडून. समोरच्याच्या जगातला दाखला द्या, हे टिळकांकडून. श्रोता बघून भाषा निवडा; हे बाबासाहेबांकडून. आवाज पोचत नसेल तर घाई करू नका, थांबा. हे पंडिता रमाबाईंकडून. आणि समोरच्याला बोलतं करा, हे गाडगेबाबांकडून.

शिक्षकांसाठी एकच विनंती. आठवड्यातून एक तास, पाच मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं. भाषण पाठ केलेलं चालेल, बोलीत असलेलं चालेल, अडखळत केलेलंही चालेल. मात्र प्रत्येक भाषणानंतर वर्गातून दोन प्रश्न आलेच पाहिजेत, आणि बोलणाऱ्यानं कागद खाली ठेवून त्यांची उत्तरं दिली पाहिजेत. उत्तर येत नसेल तर "बघून सांगतो" म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात खरंच सांगायचं. याला पैसा लागत नाही, माइक लागत नाही, स्पर्धेचा करंडकही लागत नाही. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांची पाळी यायला बारा आठवडे लागतील. लागू देत.

आमचं बोलणं इथं थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि सभागृहात विद्यार्थी बसले आहेत, तेव्हा पहिला प्रश्न त्यांच्याकडून येऊ द्या.