सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा : छायाचित्र एक, क्षेत्रे शंभर

अँटॉप हिललगत वडाळ्यात अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. मुंबईचे तत्कालीन महापालिका आयुक्त आणि मराठी पोवाड्यांचे संग्राहक एच. ए. अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये ते सुरू झाले. त्यापूर्वी १८७३ मध्ये नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचा जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. हा जीवाणू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात अद्यापही वाढविता येत नाही. त्यामुळे कानाच्या पाळीवर किंवा चट्ट्यावर बारीक छेद घेऊन काचपट्टीवर लेप तयार करण्याच्या जुन्या तपासणीचे महत्त्व टिकून आहे. झील-नील्सन पद्धतीने रंगविलेल्या लेपात निळ्या पार्श्वभूमीवर जीवाणू लाल दिसतात.

हे दृश्य पूर्वी एकाच तपासनीसाच्या डोळ्यापुरते असे. डिजिटल कॅमेऱ्यामुळे ते जतन करता येते, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखविता येते आणि विद्यार्थ्यांना पडद्यावर शिकविता येते. मात्र छायाचित्र म्हणजे अहवाल नव्हे.

जोडणी कशी?

सर्वांत सोपा प्रकार नेत्रिकेच्या जागी बसणाऱ्या कॅमेऱ्याचा. बहुतेक सूक्ष्मदर्शकांच्या नळीचा व्यास २३.२ मिलिमीटर असतो; खरेदीपूर्वी तो मोजून घ्यावा. तिसरी, उभी नळी असलेल्या सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा 'सी-माउंट' आट्यांनी बसतो. कॅमेऱ्याचा संवेदक लहान असल्याने मध्ये सहसा ०.५ पट प्रतिमा लहान करणारे भिंग लावतात. डोळ्याला आणि पडद्यावर प्रतिमा एकाच वेळी स्पष्ट दिसेपर्यंत जोडणीची उंची जुळवावी.

किती मेगापिक्सेल?

बारकावे ठरतात ते वस्तुभिंगावर. तेलात बुडविल्या जाणाऱ्या १०० पट वस्तुभिंगाची भेदनक्षमता सुमारे पाव मायक्रॉन असते, तर कुष्ठरोगाच्या जीवाणूची जाडी ०.२ ते ०.५ मायक्रॉन. म्हणजे जीवाणू भिंगाच्या मर्यादेच्या काठावरच असतो. भिंगाने न टिपलेला तपशील मेगापिक्सेल वाढवून मिळत नाही. त्याऐवजी भिंगावरील जुने तेल पुसणे, कंडेन्सर नीट जुळविणे यांचा उपयोग अधिक होतो.

छायाचित्र घेण्यापूर्वी काचपट्टीच्या कोऱ्या भागावर पांढरा रंग जुळवावा, अन्यथा लाल-निळ्याचा फरक बिघडतो. मोजमापासाठी एक मिलिमीटरचे १०० भाग केलेली मोजपट्टी प्रत्येक वस्तुभिंगाखाली ठेवून प्रमाण ठरवावे. मूळ चित्र 'टिफ' स्वरूपात ठेवावे. फाइलच्या नावात काचपट्टीचा क्रमांक, तारीख आणि वस्तुभिंग असावे, रुग्णाचे नाव नसावे.

मोजणीतील मेख

कुष्ठरोगात जीवाणूंचे प्रमाण ० ते ६+ अशा श्रेणीत नोंदवितात. शंभर क्षेत्रांत मिळून १ ते १० जीवाणू आढळले तर १+, प्रत्येक क्षेत्रात सरासरी १ ते १० असतील तर ३+, १० ते १०० असतील तर ४+. येथे 'क्षेत्र' म्हणजे नेत्रिकेतून दिसणारे वर्तुळ. कॅमेऱ्याची आयताकृती चौकट बहुधा त्याहून लहान असते. तिचे क्षेत्रफळ निम्मे असेल, तर वर्तुळात सरासरी १६ जीवाणू असताना पडद्यावर ८ दिसतील आणि ४+ चा अहवाल ३+ होईल. उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी जुन्या-नव्या अहवालांची तुलना होते, तेव्हा पद्धत बदलल्यामुळे पडलेला हा फरक रुग्ण सुधारल्याचा भास निर्माण करू शकतो.

दुसरा धोका रिकाम्या चौकटीचा. १+ च्या लेपात शंभरपैकी नव्वदहून अधिक क्षेत्रे कोरी असू शकतात. त्यातील एकाचे सुबक छायाचित्र 'जीवाणू नाहीत' असे सुचवील. शिवाय चित्रात एकच पातळी स्पष्ट येते. लेपाच्या वेगवेगळ्या खोलीवरील जीवाणू पाहण्यासाठी सूक्ष्म चाक फिरवीत राहावे लागते.

म्हणून मोजणी नेत्रिकेतून करावी. ती पडद्यावरच करायची असेल, तर दोन्ही क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढून दुरुस्ती करावी आणि तसे अहवालात नोंदवावे. छायाचित्र त्या अहवालाला पुरावा म्हणून जोडावे, पर्याय म्हणून नव्हे.