दिसणाऱ्या आकड्यामागे: हिशेबाच्या स्प्रेडशीट तपासण्याचा इतिहास

कागदी वह्यांच्या काळात चूक असो वा लबाडी, तिची खूण मागे राहत असे. किर्दीतून खतावणीत रक्कम उतरवताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली की तेरीज जुळत नसे. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर 5,400 च्या जागी 4,500 असे काहीतरी लिहिले गेले असावे, हे मुरलेला कारकून लगेच ताडत असे. खाडाखोड केली तर शाई आणि खरवडलेला कागद चुगली करत. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये अशा खुणा उरल्या नाहीत. त्या नव्या रीतीने शोधायला लेखापरीक्षकांना शिकावे लागले, आणि हे शिक्षण फार महाग पडले.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी डॅन ब्रिकलिन आणि त्याचा सहकारी बॉब फ्रँकस्टन यांचा ‘विझीकॅल्क’ 1979 मध्ये ॲपल 2 या संगणकासाठी बाजारात आला. कागदी तक्त्यात एक आकडा बदलला की पुढच्या साऱ्या बेरजा पुन्हा कराव्या लागत. इथे त्या आपोआप होत. 1983 मध्ये ‘लोटस 1-2-3’ आले. 1985 मध्ये मॅकिंटॉशवर आणि 1987 मध्ये विंडोजवर ‘एक्सेल’ अवतरले. या सर्वांची रचना एकच होती: सेलमध्ये उत्तर दिसते, ते ज्या फॉर्म्युल्याने आले तो त्याच्या मागे राहतो. छापील प्रतीत तर फॉर्म्युला सहसा उतरतच नाही.

याचा फटका लवकरच बसला. 1984 मध्ये फ्लोरिडातील एका बांधकाम कंपनीने निविदेचा हिशेब लोटसच्या ‘सिंफनी’ या प्रोग्रॅममध्ये मांडला. किरकोळ खर्चाचे 2,54,000 डॉलर धरायचे राहिले होते, म्हणून कॉलमच्या वरच्या टोकाला एक नवी ओळ घालून ते भरले गेले. बेरजेच्या फॉर्म्युल्याची हद्द मात्र तिथपर्यंत पोहोचत नव्हती. रक्कम पडद्यावर दिसत होती, एकूण बेरजेत नव्हती. कंत्राट मिळाले आणि तेवढी रक्कम अंगावर पडली. कंपनीने लोटसवर दावा लावला आणि पुढे मागे घेतला.

अशी चूक केवळ नवख्यांकडून होते असे नाही. आयबीएममधील पॉली ब्राउन आणि जॉन गूल्ड यांनी 1987 मध्ये स्प्रेडशीट वापरण्यात मुरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी तीन शीट बनवायला सांगितल्या. त्या 27 शीटपैकी 44 टक्के शीटमध्ये चुका निघाल्या. बनवणाऱ्यांना मात्र आपल्या कामाची खात्री वाटत होती. हवाई विद्यापीठातील रे पँको यांनी पुढे असे प्रयोग एकत्र करून दाखवले की, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हातून जितक्या चुका होतात, साधारण तितक्याच शीट बनवणाऱ्यांच्या हातूनही होतात. फरक इतकाच की प्रोग्रॅमची चाचणी घेतली जाते, शीटची सहसा घेतली जात नाही. 1999 मध्ये ब्रिटनमध्ये ‘यूस्प्रिग’ हा अभ्यासगट याच प्रश्नासाठी स्थापन झाला.

तपासणीची पद्धतशीर हत्यारे प्रथम घडवणाऱ्यांत ब्रिटनचे सीमाशुल्क व अबकारी खाते होते. व्हॅटचे हिशेब व्यापारी स्प्रेडशीटमध्ये देऊ लागले, तेव्हा खात्याने त्यांच्या तपासणीसाठी ‘स्पेस’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. अशा तपासणीतले मुख्य साधन म्हणजे शीटचा नकाशा. कोणत्या सेलमध्ये फॉर्म्युला आहे, कोणत्यात हाताने भरलेला आकडा आहे आणि शेजारच्या सेलपेक्षा वेगळा फॉर्म्युला कुठे आहे, हे त्यात वेगवेगळ्या खुणांनी दिसते. बारा महिन्यांच्या ओळीत अकरा सेलमध्ये फॉर्म्युला आणि मार्चच्या सेलमध्ये नुसता आकडा आढळला, तर तपासनीस तिथेच थांबतो. ताळेबंद जुळवण्यासाठी मारलेली ठिगळे बहुधा अशाच जागी सापडतात.

2002 मध्ये आयरिश मालकीच्या अमेरिकेतील ऑलफर्स्ट बँकेत जॉन रुस्नाक या चलन-व्यापाऱ्याने लपवलेला 69.1 कोटी डॉलरचा तोटा उघड झाला. बँकेची जोखीम-शाखा विनिमय दर एका स्प्रेडशीटमधून घेत असे. ते दर रॉयटर्सकडून थेट न येता रुस्नाकच्या स्वतःच्या संगणकावरून येत. वेगळ्या जोडणीचा सुमारे 10,000 डॉलरचा खर्च वाचवायचा म्हणून ही सोय चालू ठेवली होती, आणि दर बदलायला त्याला मोकळे रान मिळाले. शीटमधला फॉर्म्युला बरोबर असला तरी त्यात येणारा आकडा कुठून येतो हे तपासलेच पाहिजे, हा धडा यातून मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने कंपन्यांना अंतर्गत नियंत्रणांचा लेखाजोखा देणे भाग पाडले, आणि त्यामुळे स्प्रेडशीटही तपासणीच्या कक्षेत आल्या.

स्प्रेडशीटमधल्या ओळी न पुसता नुसत्या नजरेआड, म्हणजे ‘हाइड’, करता येतात. अशा ओळींचे सर्वांत बोलके उदाहरण 2008 चे आहे. लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाल्यावर तिचा अमेरिकेतील व्यवसाय बार्कलेज बँक विकत घेत होती. कोणते करार घ्यायचे याची सुमारे हजार ओळींची एक्सेल यादी 18 सप्टेंबरच्या रात्री न्यायालयात द्यायची होती. नको असलेले 179 करार त्यात पुसलेले नव्हते, फक्त हाइड केले होते. वकिलांच्या कचेरीत घाईघाईने फाइलची मांडणी बदलून पीडीएफ करताना त्या ओळी उघड झाल्या आणि नको असलेले करारही खरेदीच्या यादीत गेले. चूक सुधारण्यासाठी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. हाइड केलेली माहिती नष्ट झालेली नसते, हे विसरल्याचा हा परिणाम.

भारतात ‘सत्यम’ या माहिती-तंत्रज्ञान कंपनीच्या प्रकरणात हीच युक्ती जाणूनबुजून वापरली गेली. जानेवारी 2009 मध्ये कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिल्यावर तपास यंत्रणांनी कंपनीची बिल-प्रणाली उघडली. तिथे 7,561 खोटी बिले ‘एच’ म्हणजे ‘हाइड’ अशी खूण करून दडवलेली सापडली. विक्रीच्या एकूण रकमेत ती धरली जात, रोजच्या वापरात मात्र दिसत नसत. अंतिम बेरीज घेऊन बिलांच्या यादीशी ताडली असती, तर हा फरक उघड झाला असता.

पुढे साधनेही सुधारली. एक्सेल 2007 मध्ये हाइड केलेल्या ओळी, कॉलम आणि शीट शोधून देणारी सोय आली. तरीही पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला आकडा आणि नेहमीच्या मेनूतून उघडताच न येणारी शीट यांसाठी तपासनिसाला स्वतः खोदावे लागते. विचारातली चूक तर कोणतेही साधन पकडत नाही. 2012 मध्ये जेपी मॉर्गनला सुमारे 620 कोटी डॉलरचा तोटा झाला. तिथे जोखीम मोजणाऱ्या शीटमध्ये दोन दरांच्या सरासरीने भागण्याऐवजी त्यांच्या बेरजेने भागले जात होते आणि जोखीम कमी दिसत होती.

भारतात 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना हिशेबात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारेच लेखा-सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले. ही नोंद बंद करता येता कामा नये आणि तिच्याबद्दल लेखापरीक्षकाने अहवालात लिहिले पाहिजे. हिशेबातला आकडा कोणी, केव्हा बदलला हे त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये उरते. साध्या स्प्रेडशीटमध्ये मात्र हा माग काढण्याचे काम अजूनही तपासणाऱ्याच्या चिकाटीवरच अवलंबून आहे.