भयाचे आश्रयांतर : निजण्याच्या वेळेची भीती आणि विनोदी चित्रपुस्तक

इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम याने ‘एलिया’ या टोपणनावाने १८२१ साली ‘लंडन मॅगझिन’मध्ये चेटकिणी आणि रात्रीची भये यांविषयी एक निबंध लिहिला. वडिलांच्या पुस्तकांत स्टॅकहाउसकृत बायबलचा इतिहास होता आणि त्यात चेटकीण मृत सॅम्युएलला उठवीत असल्याचे चित्र होते. वयाच्या चौथ्या वर्षापासून सातव्या-आठव्या वर्षापर्यंत उशीवर डोके टेकले की हे चित्र हटकून समोर उभे राही, असे तो सांगतो. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी, १९६८ साली, मर्सर मेयर या अमेरिकन चित्रकाराचे ‘देअर्स अ नाइटमेअर इन माय क्लॉझिट’ हे पुस्तक निघाले. त्यात छापील चित्र हाच रात्रीच्या भीतीवरचा उतारा आहे. एके काळी भीतीचे निमित्त असलेले चित्र भीतीवरचा उपाय कसे झाले, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

विसाव्या शतकात बालमानसशास्त्राचा प्रसार झाला, पालक समंजस झाले आणि त्याबरोबर पुस्तकेही प्रेमळ झाली, असे या प्रश्नाचे रूढ उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. निजण्याची वेळ मूल ठरवीत नाही, प्रौढ ठरवितात. दिवा मालवणे, दार लोटणे, बोलणे बंद करावयास सांगणे हे सारे अधिकाराचे व्यवहार आहेत. त्यांच्यापुढे मुलाजवळ साधने थोडी असतात आणि भीती वाटत असल्याची तक्रार हे त्यांपैकी सर्वांत प्रभावी साधन होय. म्हणून या भीतीला विनोदाचा विषय करणारे पुस्तक मुलाच्या बाजूचे आहे की त्याला निजवू पाहणाऱ्या प्रौढाच्या, हे तपासल्याखेरीज या वाङ्मयप्रकाराचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

या विचाराचा एक महत्त्वाचा आरंभबिंदू जॉन लॉकच्या १६९३ मधील शिक्षणविषयक ग्रंथात सापडतो. नोकरचाकर मुलांना धाकात ठेवण्यासाठी भुताखेतांच्या गोष्टी सांगतात. त्या कोवळ्या मनावर एकदा ठसल्या की अंधार आणि भूत यांची जोडी पुढे सुटत नाही, असे लॉकचे प्रतिपादन आहे. मराठी वाचकाला ते समजण्यासाठी बागुलबुवा पुरेसा आहे. लॉकच्या मते ही भीती शिकविलेली असते. सबब ती न शिकविणे हाच तिच्यावरचा उपाय. याच ग्रंथात तो मुलाच्या हाती इसापच्या कथा द्याव्यात आणि त्या सचित्र असल्यास अधिक चांगले, असेही सुचवितो. बागुलबुवाची हकालपट्टी आणि सचित्र पुस्तकाचा पुरस्कार या दोन गोष्टी अशा एकत्र आल्या. मात्र चित्राने वस्तूंची ओळख पटवावी आणि वाचनाची गोडी लावावी, एवढीच तेथे अपेक्षा आहे. अदृश्य भयाला रूप देण्याचे काम त्याच्याकडे अद्याप आलेले नव्हते.

लॅमचा निबंध या भूमिकेला छेद देतो. भुताखेतांचा शब्दही कानी पडू नये अशा दक्षतेने वाढविलेल्या एका मुलाचे उदाहरण तो देतो. त्या मुलालाही रात्र सुखाची गेली नाही. बाहेरून मिळाली नाहीत ती भये त्याने स्वतःच निर्माण केली. कथा आणि चित्रे भयाला आकार देतात, पण त्याची मूळ रूपे मनात आधीपासून वसत असतात, असा लॅमचा निष्कर्ष आहे. तो मान्य केला तर लॉकचा निषेध निष्प्रभ ठरतो. भय रूप धारण करणारच असेल, तर ते रूप कोणी आणि कोणत्या हेतूने द्यावे, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर फ्रांकफुर्टच्या हाइन्रिश हॉफमान या डॉक्टरने दिले. ‘डॉक्टर येईल’ असा धाक घरोघरी घातला जात असल्याने आजारी मुलांच्या दृष्टीने हॉफमान स्वतःच बागुलबुवा होता. रडणाऱ्या मुलाला शांत करण्यासाठी तो वहीच्या पानावर भराभर चित्र काढी, त्यासोबत गोष्ट सांगे आणि मग नाडी पाही. १८४४ च्या नाताळासाठी त्याने आपल्या तीन वर्षांच्या मुलाकरिता एक पुस्तक तयार केले. ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने पुढे जगभर गेलेले ते पुस्तक १८४५ मध्ये छापले गेले तेव्हा त्याच्या मूळ शीर्षकाचा अर्थ ‘मजेदार गोष्टी आणि गमतीची चित्रे’ असा होता. पण या मजेदार गोष्टींपैकी एकीत अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे दोन्ही अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीने कापून टाकतो. अतिशयोक्तीमुळे येथे हास्य निर्माण होते, हे नाकारता येत नाही. तथापि ते पानाबाहेरच्या वाचकाचे आहे. पानावरचे मूल हसत नाही. भीती घालविण्यासाठी चित्र काढणाऱ्या डॉक्टरच्या पुस्तकात हास्य आणि धाक एकाच चित्रात नांदतात, पण धाकाची मालकी मात्र प्रौढाकडेच राहते.

हास्य आणि भय यांच्या या अवघडलेल्या संबंधाचा विचार संस्कृत साहित्यशास्त्राने वेगळ्या संदर्भात केलेला आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस मानले. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात विरोधाच्या परिहाराचा एक मार्ग दाखविला आहे. एकाच आश्रयाच्या ठायी आल्यामुळे ज्या भावांत विरोध येतो, त्यांचे आश्रय भिन्न करावेत. एकाच व्यक्तीत वीर आणि भयानक हे सदोष. परंतु उत्साह नायकाच्या ठायी आणि भय त्याच्या प्रतिपक्षाच्या ठायी ठेवले की दोष राहत नाही. ही व्यवस्था अर्थातच काव्यनाटकांसाठी होती. तरी निजण्याच्या वेळेच्या चित्रपुस्तकाने विसाव्या शतकात जे साधले, त्याचे वर्णन करण्यास ‘आश्रयांतर’ ही संज्ञा उपयोगी पडते. या पुस्तकांत भय नाहीसे होत नाही. ते ठिकाण बदलते.

या परिवर्तनातील एक निर्णायक टप्पा न्यूयॉर्कच्या हार्पर या प्रकाशनसंस्थेत घडला. १९४० ते १९७३ या काळात तेथील बालपुस्तक विभागाची सूत्रे अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांच्याकडे होती. रसेल होबन यांनी लिहिलेले आणि गार्थ विल्यम्स यांनी चितारलेले ‘बेडटाइम फॉर फ्रान्सिस’ १९६० साली याच संस्थेने काढले. फ्रान्सिस ही बिज्जूची लहान मुलगी. तिला खोलीत वाघ दिसतो, राक्षस दिसतो, छताच्या भेगेतून काहीतरी बाहेर येईलसे वाटते. विनोद या आकृत्यांत नाही. तो बापलेकीच्या तर्कशुद्ध संवादात आहे. राक्षसाला काय हवे आहे ते त्यालाच विचारावे, असा सल्ला वडील देतात आणि राक्षस म्हणजे खुर्चीवर टाकलेला झगा निघतो. अखेर पेंगुळलेले वडील प्रत्येकाच्या कामाची वाटणी सांगतात : वाऱ्याचे काम पडदे हलविणे, वडिलांचे काम सकाळी कचेरीत जाणे, फ्रान्सिसचे काम झोपणे. ते न केल्यास मार मिळेल, हेही स्पष्ट होते. लॉकचा विवेक आणि हॉफमानचा धाक येथे एकाच बापाच्या तोंडी येतात. पण त्यानंतर खिडकीवर आपटणारा पतंग दिसतो तेव्हा फ्रान्सिस वडिलांना उठवीत नाही. आपटणे हे पतंगाचे काम, असा निष्कर्ष ती स्वतःच काढते आणि झोपी जाते. अधिकार अबाधित राहतो, पण तर्क मुलीच्या मालकीचा होतो.

१९६३ मध्ये याच संस्थेने काढलेल्या मॉरिस सेंडाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ने पुढचे पाऊल टाकले. जेवणाविना खोलीत पाठविलेला मॅक्स अक्राळविक्राळ प्राण्यांना नजरेने जरबेत आणतो आणि भितात ते प्राणी. चित्रे पानागणिक वाढत जातात. दंग्याच्या पानांवर एकही शब्द उरत नाही. शिक्षा करणारी आई चित्रांत कोठेही दिसत नाही. मानसोपचारक्षेत्रातील ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६९ साली या पुस्तकावर आक्षेप घेतला. आईने उपाशी निजविणे हेच मुलाचे मोठे भय असते, याकडे लेखकाचे दुर्लक्ष झाले, असा त्यांचा रोख होता. पण मॅक्स परततो तेव्हा खोलीत जेवण वाट पाहत असते आणि ते अजून गरम असते, या शेवटाला आक्षेपात स्थान नाही.

मेयरच्या पुस्तकात आश्रयांतर पूर्णतः विनोदाच्या अंगाने घडते. कपाटातल्या दुःस्वप्नाला भिणारा मुलगा एके रात्री डोक्यावर शिरस्त्राण चढवून, खेळण्यातली बंदूक घेऊन त्याची वाट पाहतो. अवाढव्य प्राणी पलंगाच्या पायथ्याशी येतो, मुलगा दिवा लावतो, गोळी झाडतो आणि प्राणी भोकाड पसरतो. खरा विनोद येथून सुरू होतो, कारण शस्त्राने काहीच सुटत नाही. रडणे थांबेना तेव्हा मुलगा चिडतो, आईबाबा जागे होतील म्हणून त्याला दटावतो आणि शेवटी हाताला धरून आपल्याच पलंगावर निजवितो. भय प्राण्याकडे जाते. त्याबरोबर अधिकारही प्रौढाकडून मुलाकडे येतो. मुलाच्या तोंडी आता निजविणाऱ्याची भाषा आहे. चित्रातील मूल प्रथमच वाचक मुलाच्या बरोबरीने वरचढ ठरते.

नेमकी येथेच शंका उपस्थित होते. सिग्मंड फ्रॉइड याने १९२७ च्या विनोदविषयक लेखात म्हटले आहे की, विनोद करणारा माणूस स्वतःशी प्रौढासारखा वागतो आणि भ्यालेल्या स्वतःला हे जग म्हणजे पोरखेळ आहे असे समजावितो. ही समजूत घालणारी सत्ता म्हणजे पराहं, अर्थात मनात वस्तीला आलेले आईबाप. हे मान्य केले तर मेयरचा मुलगा स्वतंत्र झाला, की स्वतःचाच पालक होऊन मुकाट्याने निजला? मो विलेम्स यांच्या २००६ मधील ‘डोन्ट लेट द पिजन स्टे अप लेट!’ या पुस्तकात ही प्रक्रिया उघडी पडते. कबुतराला जागू न देण्याची जबाबदारी थेट वाचक मुलावर टाकली जाते. कबुतराच्या सबबी ऐकून खळखळून हसणारे मूल स्वतःच्याच सबबींना नकार देत असते. विनोद येथे धाकाहून अधिक कार्यक्षम शिस्त ठरतो.

तरीही या परंपरेतील उत्तम पुस्तके या आरोपातून सुटतात. १९८८ चे केट ग्रीनअवे पदक मिळविणाऱ्या ‘कान्ट यू स्लीप, लिट्ल बेअर?’मध्ये मोठे अस्वल एकाहून एक मोठे कंदील आणते. मार्टिन वॉडेल यांचा मजकूर आणि बार्बरा फर्थ यांची चित्रे या वाढत्या कंदिलांतून लॉकच्या उपायाची हळुवार चेष्टा करतात, कारण गुहेबाहेरचा अंधार कोणत्याही कंदिलात मावत नाही. शेवटी पिल्लाला त्या अंधारातच न्यावे लागते, चंद्र आणि चांदण्या दाखवाव्या लागतात. लेमनी स्निकेट आणि जॉन क्लासन यांच्या ‘द डार्क’मध्ये (२०१३) अंधार स्वतः बोलतो आणि त्याला भिणाऱ्या मुलाला तळघरातला दिव्याचा बल्ब दाखवितो, पण तो घर सोडून जात नाही. मेयरचा मुलगा प्राण्याला निजवितो तेव्हा कपाटात आणखी एक प्राणी शिल्लक असतो आणि पलंगावर तिघांना जागा नसते.

या वाङ्मयप्रकाराच्या मूल्यमापनाचा निकष या अवशेषात शोधावयास हवा. जे पुस्तक भय पुसून टाकल्याचा दावा करते, ते मुलाला निजविण्याचे साधन असते. त्याचे काम सकाळी संपते. आपला बागुलबुवा कोणी चितारीत नाही, म्हणून तो हवा तेवढा मोठा होतो आणि बोलाविणाऱ्याच्या हुकमात राहतो. मेयरच्या प्राण्याला रूप आहे, आकारमान आहे आणि त्याला रडूही येते; म्हणून तो प्रौढाच्या हुकमातून सुटला आहे. कपाटातला दुसरा प्राणी मात्र लॅमची बाजू राखून ठेवतो. त्याचे काय करावयाचे, हे दिवा मालवल्यानंतर मुलानेच ठरवावयाचे असते.