उपकार नव्हे, करार: परदेशी शिक्षण आणि सोलापूरचे वसतिगृह



'बडोद्याच्या महाराजांनी पैसे दिले म्हणून आंबेडकर परदेशात शिकले' हे वाक्य दोन प्रकारची माणसे ऐकवतात. काहींना सयाजीरावांविषयी मनापासून आदर असतो, तो आपल्यालाही आहे. काहींना मात्र आपल्याला उपकाराची आठवण करून द्यायची असते. या दुसऱ्यांसाठी तो व्यवहार एकदा नीट मांडायला हवा.

४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. म्हणजे ही भीक नव्हती, कामाच्या बदल्यात दिलेला पैसा होता. न्यूयॉर्कमध्ये पोट मारून जगायचे आणि त्यातूनच घरीही पाठवायचे, असा तो हिशेब. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. गरीब घरातला मुलगा परदेशी गेला तरी घर त्याच्या खांद्यावरून उतरत नाही, हे शिष्यवृत्तीचे नियम लिहिणाऱ्यांना आजही कळलेले नाही.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. तिथला अभ्यास रंगात आला आणि शिष्यवृत्तीची वाढीव मुदतही संपली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये शिक्षण अर्धवट सोडून ते मुंबईत उतरले. बडोद्यात नोकरीवर हजर झाले, तर राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना कसे हाकलले, ते आपल्याला पाठ आहे. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन. मधली तीन वर्षे बुद्धी कमी पडली म्हणून गेली नाहीत. ती पैशापायी गेली.

लंडनहून परतल्यावर १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने आपल्या सोलापुरात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांची सोय तिथे होती. नगरपालिकेने अनुदान दिले, जिवाप्पा ऐदाळे यांनी देखरेख केली. परदेशी पदव्या घेऊन आलेल्या माणसाच्या संस्थेचे हे सुरुवातीचे काम होते. कारण उघड आहे. खेड्यातला मुलगा शहरात टिकून मॅट्रिकच झाला नाही, तर कोलंबियाचा अर्ज भरणार कोण? सोलापूरच्या आंबेडकरी इतिहासात या वसतिगृहाला मिरवणुकींपेक्षा वरचे स्थान हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण समाजाच्या वर्गणीची धाव वसतिगृहापर्यंतच. बोटीचे भाडे आणि परदेशी फी तिला पेलणारी नव्हती. म्हणून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य झाल्यावर बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारला निवेदन दिले. विज्ञान-तंत्र शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख, अशी रोख मागणी त्यात होती. ज्याने स्वतः राजाच्या पैशावर शिक्षण घेतले, त्याने पुढच्या मुलांना राजा शोधायला सांगितले नाही. सरकारी तिजोरीकडे बोट दाखवले.

केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे, महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची २००३ पासून. आता या हक्काचे काय चालले आहे ते पाहा. २०२२ मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताच्या सामाजिक अभ्यासाचे विषय योजनेतून वगळले. (मी समाजशास्त्र शिकलो. जातीचा अभ्यास करायचाच नाही, असा याचा अर्थ मी घेतो.) २०२५ मध्ये १०६ उमेदवारांची निवड झाली, पण सुरुवातीला पत्रे मिळाली ४० जणांनाच. बाकीच्यांना सांगितले, निधी उपलब्ध झाला तर.

सयाजीरावांच्या करारात रक्कम आणि मुदत तरी लिहिलेली होती. 'निधी उपलब्ध झाला तर' या अटीवर विद्यापीठ प्रवेश राखून ठेवत नाही, दूतावास व्हिसा देत नाही. ज्यांच्या बापाकडे शेत किंवा सोने नाही, त्यांना बँकेचे मोठे कर्जही सहज मिळत नाही. आपल्या जिल्ह्यातून यंदा कोणी अर्ज केला असेल, तर निवडयादी, पत्राची तारीख आणि प्रवेशाची अंतिम तारीख हे तिन्ही कागद जपून ठेवा. लेखी तक्रार आणि माहिती अधिकाराचा अर्ज त्यावरच उभा राहतो.